बेळगावात स्वामीजी राहिले ती घरं

विवेकानंद म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यापुढं शिकागोच येतं, भगवा फेटा, हाताची घडी आणि ती सभा. पण त्या सभेच्या साधारण अकरा महिने आधी, म्हणजे ऑक्टोबर १८९२ मध्ये, हा एकोणतीस वर्षांचा संन्यासी आपल्या बेळगावात दहा-बारा दिवस राहून गेला. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी आणि नंतर किल्ल्यात हरिपद मित्र नावाच्या एका बंगाली फॉरेस्ट ऑफिसरकडं. आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी लोकांना हे माहीतच नाही, आठवड्याला बेळगावला जाणाऱ्यांनासुद्धा. कोर्टाचं काम, दवाखाना, लग्नाचा बस्ता, झालं की परत. मला ही दोन्ही घरं नीट, घाई न करता बघायची होती, शिवाय ते जिथनं गोव्याच्या गाडीत बसले ती रेल्वेलाईनही बघायची होती, म्हणून लेकीच्या दसऱ्याच्या सुट्टीत आप्पांना (माझे वडील) आणि तिला घेऊन निघाले. शहापूरला मावशी आहे, त्यामुळं राहायचा प्रश्न नव्हता.

शुक्रवार : निपाणी, बेळगाव, रिसालदार गल्ली

सकाळची लाल बस धरली. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती, हा रस्ता आम्हाला पाठ आहे, त्याच्याबद्दल काय लिहायचं. एवढंच की हायवेचं काम अजून चालूच आहे आणि जागोजागी गाडी सर्व्हिस रोडला उतरते. वाटेत लेकीला मागची गोष्ट सांगत होते. रामकृष्ण परमहंस १८८६ ला गेले, त्यानंतर हे शिष्य बाहेर पडले आणि ह्यांनी तर सगळा देश पालथा घातला, कधी राजाच्या वाड्यात तर कधी झाडाखाली. फिरताना नावंही वेगवेगळी सांगायचे. त्याच फिरण्यात मुंबईहून पुण्याला येताना रेल्वेत लोकमान्य टिळक भेटले आणि आठ-दहा दिवस टिळकांच्याच घरी मुक्काम झाला. टिळकांनी नाव विचारलं तर मी एक संन्यासी आहे एवढंच सांगितलं. मग कोल्हापूर. कोल्हापूरच्या महाराजांचे खाजगी कारभारी गोळवलकर होते, त्यांनी बेळगावच्या सदाशिवराव भाट्यांच्या नावानं चिठ्ठी दिली आणि ती चिठ्ठी घेऊन स्वामी इकडं आले.

मावशीकडं जेवून, जरा आडवं होऊन चारच्या सुमाराला निघालो. बाजारपेठेतनं रिक्षा काढणं म्हणजे बेळगावात एक परीक्षाच असते, दसऱ्यामुळं झेंडूचे ढीग रस्त्यावर आणि त्यातनं हातगाड्या, म्हणून थोडं आधीच उतरून चालत गेलो. रिसालदार गल्ली ही जुन्या बेळगावातली गल्ली आहे. भाट्यांचं ते घर आता स्वामी विवेकानंद स्मारक म्हणून रामकृष्ण मिशनकडं आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा शांत बसावंसं वाटलं. आमच्या आधी धारवाडकडचं एक कुटुंब होतं, त्यांना तिथले गृहस्थ कन्नडमधनं सांगत होते, ते झाल्यावर आमच्याकडं वळले आणि तीच माहिती मराठीत, "बसा की, कुठनं आलासा?" असं विचारून. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात सारख्याच सहज होत्या. एवढ्या वर्षांत आमच्या ह्या भागानं भाषेवरनं काय काय बघितलंय ते मी सांगायला नको, पण त्या खोलीत धारवाडची ती बाई आणि माझे आप्पा एकाच फोटोपुढं शेजारी शेजारी हात जोडून उभे होते, हे मला बरं वाटलं आणि ते मी मुद्दाम लिहून ठेवते.

आता त्या घरात काय झालं ते. सदाशिवरावांचा मुलगा तेव्हा शाळकरी होता, पुढं प्राध्यापक झाला, प्रा. जी. एस. भाटे, त्यांनी ह्या दिवसांच्या आठवणी लिहिल्यात आणि त्या फार प्रामाणिक आहेत. घरच्यांना हा संन्यासी जरा विचित्रच वाटला होता. भगवी वस्त्रं आहेत पण अंगात बनियन, दंडाच्या जागी साधी लांब काठी, सामानात गीतेची छोटी प्रत आणि एक-दोन पुस्तकं. इंग्रजी फर्डं बोलतो. मराठी येत नाही. आणि पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर पान-सुपारी मागितली! मग खायला तंबाखूही मागितली. संन्याशानं ह्या गोष्टी कधीच सोडलेल्या असतात अशी ब्राह्मण घरातली समजूत, त्यामुळं सगळे बघतच राहिले.

हे सांगितल्यावर आप्पा एकदम खुलले. त्यांची सगळी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली, पानाची प्रत नुसत्या वासावरनं सांगतात. ते म्हणाले, "मग इथं तंबाखू आली असेल ती आपल्याच भागातली." तसं असेलही, कोण जाणे, पण त्या क्षणापासनं विवेकानंद त्यांना घरातले वाटायला लागले हे खरं. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली. स्वामींनी हे लपवलं नाही. विचारल्यावर सरळ सांगितलं की मी आधी मजेत जगणारा, कॉलेजात शिकलेला पोरगा होतो, रामकृष्णांनी माझं आयुष्य बदललं, मोठ्या गोष्टी सुटल्या, ह्या बारीक सवयींनी काही अडत नाही म्हणून राहिल्या. जेवणाचंही तसंच. मांसाहार चालतो का विचारलं तर मी परमहंस पंथाचा, जो जे वाढील ते खायचं हा आमचा नियम. हिंदू नसलेल्याकडचं खाल का? तर मुसलमानांकडं कितीदा जेवलोय.

१८९२ सालात, बेळगावातल्या ब्राह्मण वकिलाच्या घरात बसून हे सांगणं म्हणजे काय होतं ते आज आपल्याला पटकन कळत नाही. त्या काळात परजातीच्या हातचं पाणी प्यायलं, चहा घेतला म्हणून प्रायश्चित्तं घ्यायला लागत होती, पुण्यात मिशनऱ्यांकडं चहा प्यायले म्हणून टिळक-रानड्यांवरसुद्धा केवढा गदारोळ झाला. आणि हा माणूस कुणाला डिवचायला नाही, कुणी विचारलं म्हणून उत्तर देतोय, आणि भाट्यांच्या घरानंही त्याला उठवून लावलं नाही हेही तितकंच मोठं. उलट सगळ्या घरानं जीव लावला. ते पुढं येईलच.

त्या मुलाची गोष्ट लेकीला फार आवडली कारण तिला संस्कृत आहे आणि पाठांतराचा कंटाळा आहे. भाट्यांच्या मुलाला तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी, म्हणजे संस्कृत व्याकरणाची सूत्रं, पाठ करायला लावली होती. स्वामींनी म्हणायला सांगितलं, हा म्हणायला लागला, चुकला, आणि पाहुण्याने चूक दुरुस्त केली. परत चुकला, परत दुरुस्त. हातात पुस्तक नाही काही नाही. ज्याच्यासाठी आपण इतके दिवस घासतोय ते ह्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं येतंय म्हटल्यावर पोरगं खट्टू झालं आणि पुढच्या वेळी म्हणायला सांगितलं तर तोंड उघडायला तयार नाही. मोठेपणी प्राध्यापक झालेल्या माणसानं हे स्वतःबद्दल लिहून ठेवलंय.

बातमी गावात पसरली तशी घरात गर्दी व्हायला लागली. वकील, शास्त्री, सरकारी नोकर. बेळगावचे एक एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते, विज्ञान वाचलेले, देवाधर्माला न मानणारे, ते रोज वाद घालायला यायचे आणि वादात चिडायचे. स्वामी हसत असायचे. सदाशिवरावांनी एकदा विचारलंही, तर स्वामींनी सांगितलं की आपल्याला लोकांना दाखवायचंय ते हे की हिंदू धर्म मरायला टेकलेला नाही, त्याला कुणापुढं बचाव करत बसायचं कारण नाही, वेदांत हा सगळ्या जगासाठी आहे. शिकागोत जे बोलले त्याची तालीम म्हणा हवं तर, पण श्रोते बेळगावचे वकील होते.

आम्ही तिथनं निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. येताना मावशीसाठी कुंदा घेतला. बेळगावात कुंद्याच्या दुकानावरनं वाद घालू नये, प्रत्येकाचं ठरलेलं असतं.

शनिवार : किल्ला

सकाळी लवकर निघालो. किल्ल्याच्या दारातच दुर्गादेवीचं देऊळ आहे, नवरात्राची गर्दी होती, ओटी भरली आणि आत गेलो. हा किल्ला रट्ट राजांच्या काळातला, १२०४ च्या सुमाराचा, मग आदिलशाही, मराठे, इंग्रज सगळे येऊन गेले. खंदक अजून भक्कम आहे. आतला बराचसा भाग मिलिटरीकडं. कमल बस्ती हे जैन मंदिर आवर्जून बघा, छताला दगडाचं उलटं कमळ लटकतंय, आप्पा मान वर करून इतका वेळ उभे राहिले की लेकीनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. थोड्याच अंतरावर सफा मशीद. एका तटबंदीच्या आत देवीचं देऊळ, जैन बस्ती, मशीद आणि रामकृष्णांचं मंदिर, पायी फिरत सगळं होतं.

रामकृष्ण मिशनचा आश्रम इथंच आहे. हरिपद मित्र ज्या बंगल्यात राहत होते ती जागा कर्नाटक सरकारनं मिशनला दिली आणि २००० सालापासनं इथं आश्रम सुरू झाला. मोठं नवं मंदिर आहे, पण माझा जीव त्या जुन्या बंगल्यात. स्वामी इथं नऊ दिवस होते.

हरिपद मित्रांनी स्वतः बंगालीत आठवणी लिहिल्यात आणि तारीख-वारासकट, मंगळवार, १८ ऑक्टोबर १८९२. दिवे लागून दोन-एक तास झाले होते. ओळखीचे वकील, म्हणजे आपले भाटे, एका तरुण संन्याशाला घेऊन दारात. तुकतुकीत दाढी केलेली, भगवी कफनी, डोक्याला भगवा फेटा आणि पायात मराठी वहाणा. मित्र सरकारी अधिकारी, साधू म्हणजे लबाड असं त्यांचं पक्कं मत. त्यांना वाटलं एकतर हा काहीतरी मागायला आलाय, नाहीतर मराठी ब्राह्मणाकडं ह्याचं जमलं नाही म्हणून बंगाल्याचं घर हुडकत आलाय. तरी रीत म्हणून हुक्का पुढं केला, पण आधी सांगितलं की मी कायस्थ, घरात हुक्का एकच, तुमची हरकत नसेल तर. स्वामी म्हणाले मला कुणाच्याही हुक्क्याची हरकत नाही. बोलणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात मित्रांची मतं ढिली पडायला लागली. आमच्याकडंच राहा म्हणाले. त्यावर स्वामी काय म्हणाले असतील? मी वकिलांकडं मजेत आहे, एक बंगाली भेटला म्हणून लगेच त्यांचं घर सोडलं तर त्यांना वाईट वाटेल, सगळं घर माझ्यावर माया करतंय.

भाषा मिळाली, गाव मिळालं, पोटाला मासा-भात मिळण्याची सोय झाली, तरी मराठी घराचं मन मोडायचं नाही. आप्पांनी हे मला दोनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र न्याहारीला वाट बघत बसले. स्वामी आले नाहीत. शेवटी हेच उठून भाट्यांकडं गेले तर तिथं वकील-पंडितांचा दरबार भरलेला, कोण इंग्रजीतनं विचारतोय, कोण संस्कृतमधनं, कोण हिंदीतनं, आणि ज्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळतंय. गर्दी हटल्यावर मग भाट्यांच्या संमतीनं स्वामी किल्ल्यात आले.

ह्या नऊ दिवसांतल्या गोष्टींत चमत्कार नाहीत. म्हणूनच मला त्या जवळच्या वाटतात. मित्रांना औषधांचा नाद होता, सारखं काहीतरी दुखतंय आणि सारखं काहीतरी घेतायत. स्वामींनी सांगितलं, निम्मं दुखणं मनाचं असतं, सारखा आजाराचा विचार करू नका, नीट जगा. मित्रांना वरच्या साहेबाचा राग होता, नोकरीला शिव्या घालायचे. स्वामींनी सांगितलं, पैशासाठी तुम्हीच ही नोकरी धरलीय आणि पैसे मिळतायत, कुणी बांधून ठेवलेलं नाही, सोडायची तर सोडा, पण रोज मी गुलाम आहे म्हणत कुढत बसून काय मिळतं? आणि वरच्यांबद्दल मनात सतत वाईट धरलं तर तेही तुमच्याबद्दल तेच धरणार, बदलून बघा. मित्रांनी बदलून बघितलं आणि लिहिलंय की फरक पडला. मीही नोकरी करते. संध्याकाळी घरी येऊन ऑफिसच्या नावानं बोटं मोडणं हा माझा रोजचा कार्यक्रम आहे, त्यामुळं त्या बंगल्याच्या पायरीवर बसून हे वाचताना मला कुणीतरी समोर बसवून समजावतंय असंच वाटलं.

डिकन्सच्या पिकविक पेपर्सचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. बोलता बोलता स्वामींनी त्यातली दोन-तीन पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. मित्रांनी ते पुस्तक बऱ्याचदा वाचलेलं, म्हणून ओळखलं, आणि चकित झाले की साधू हे कधी पाठ करत बसला! विचारलं तर म्हणाले दोनदाच वाचलंय, एकदा शाळेत आणि एकदा पाच-सहा महिन्यांपूर्वी. मन एकाग्र करता आलं पाहिजे, एवढंच. लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि मी तिच्याकडं बघितलं, तिच्या हातात मोबाईल होता, तिनं तो गुपचूप पर्समध्ये टाकला.

मित्रांच्या बायकोचं नाव इंदुमती. त्यांना गुरुमंत्र घ्यायची बरेच दिवस इच्छा होती, आणि नवऱ्यानं सांगितलेलं की ज्याच्यावर माझीही श्रद्धा बसेल असा गुरू कर. आता मित्रांनीच विचारलं, हे संन्यासी गुरू झाले तर चालतील का? त्या माउलीला आनंदच झाला. स्वामी आधी तयार नव्हते, शिष्याचा भार घेणं सोपं नाही म्हणाले, पण शेवटी दोघांना दीक्षा दिली. नवरा-बायको दोघांना, एकत्र, ह्या किल्ल्यात.

फोटोचंही असंच. आज बेळगावचा म्हणून जो काठी घेतलेला उभा फोटो सगळीकडं दिसतो तो इथल्याच एस. महादेव ह्यांच्या स्टुडिओतला, आणि त्यासाठी मित्रांना बरंच मागं लागावं लागलं. आश्रमात तो फोटो मोठा करून लावलाय. जवळ जाऊन बघा. शिकागोच्या फोटोतला रुबाब इथं नाही. चेहरा गोल आणि तरणा, नजर सरळ आपल्यावर, कापडाला चुण्या पडलेल्या. काठी धरलेला हात मात्र घट्ट आहे.

आश्रमाच्या पुस्तकांच्या खोलीत नागपूरच्या रामकृष्ण मठाची मराठी पुस्तकं मिळतात, स्वस्त असतात, पत्रांचा संग्रह घेतला. संध्याकाळची आरती 'खंडन भव बंधन' थांबून ऐकली. हे पद स्वामींनीच रचलेलं. आरतीला मिलिटरीतला एक जवान वर्दीतच मागं उभा होता, पाठ असल्यासारखा सगळं म्हणत होता.

रविवार : बाळेकुंद्री

बेळगावला गेल्यावर बाळेकुंद्रीला न जाता परत येणं आप्पांना चालतच नाही, आणि विषयही जवळचाच, म्हणून सकाळी पंत महाराजांकडं. सांबऱ्याच्या विमानतळाकडच्या रस्त्यानं बस मिळते. पंत महाराज बाळेकुंद्रीकर, १८५५ ते १९०५, दत्तभक्त, अवधूत संप्रदायाचे, आणि नोकरीनं शाळामास्तर! स्वामी बेळगावात आले त्या काळात पंत बेळगावातच इंग्रजी शाळेत शिकवत होते, संसारात राहून, पगारावर मोठं कुटुंब चालवून, संध्याकाळी भजन. आमराईत समाधी आहे. त्या झाडांखाली भर दुपारीही गारवा असतो. त्यांची मराठी पदं आमच्याकडं दर गुरुवारी अजून म्हटली जातात, आजी चाल धरायची. एक संन्यासी देश फिरत आलेला आणि एक मास्तर घर न सोडलेला, एकाच गावात, एकाच वेळी. बेळगावचं त्या वेळचं मोठेपण ह्यात मला दिसतं. प्रसाद घेऊन दुपारी परत.

दुपारी मावशीच्या सोप्यात पत्रांचं पुस्तक उघडलं. मावशी, तिची सून, लेक आणि मी. आप्पा आरामखुर्चीत, डोळे मिटून पण जागे. मे १८९३ ला मुंबई सोडायच्या आठवडाभर आधी स्वामींनी इंदुमतीबाईंना पत्र लिहिलंय, आई अशी हाक मारून. स्वतःहून वयानं फार मोठ्या नसतील त्या. बोट ३१ मे ला सुटली, म्हणजे निघायच्या गडबडीत बेळगावची शिष्या लक्षात होती.

दुसरं पत्र शिकागोहून, २८ डिसेंबर १८९३, हरिपद मित्रांना. सभेत टाळ्या पडून तीन महिने झालेले, नाव सगळीकडं गाजलेलं. आणि ह्या पत्रात स्वतःच्या यशाबद्दल जेमतेम चार ओळी. बाकी सगळं बायकांबद्दल आणि गरिबांबद्दल. तिकडच्या बायका कशा शिकलेल्या, मोकळ्या, स्वतःच्या पायावर उभ्या, आणि आपण काय करतो, तर अकराव्या वर्षी मुलीचं लग्न उरकतो, बाईला नरकाचं दार म्हणतो. मनूनं तर मुलीला मुलाइतक्याच काळजीनं शिकवायला सांगितलंय म्हणून दाखला देतात. आपल्याकडं खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातीत जन्मला की तो माणूस संपला, त्याला वर यायला वाटच नाही, ह्याचा संताप आहे. आणि सरळ विचारतात, तुम्ही तुमच्या बायकांची स्थिती सुधारू शकाल का? तरच काही आशा आहे, नाहीतर आहात तिथंच राहाल.

सून बीए झालीय, दोन वर्षं झाली घरी आहे, बँकेच्या परीक्षा द्यायच्या म्हणत होती. ती म्हणाली, "ताई, ते परत वाचा की." परत वाचलं. मावशी काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली, तर चहा घेऊन येताना सुनेला म्हणाली, फॉर्म कधी सुटणार आहेत?

ह्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. स्वामी सुधारक होते म्हणजे नेमकं काय, तर आपल्याला चटकन १८९७ ला स्थापलेलं रामकृष्ण मिशन, शाळा, दवाखाने, दुष्काळातली मदत असं आठवतं, ते तर आहेच. पण त्याच्या आधी बेळगावातल्या दोन घरांत त्यांनी ते जगून दाखवलं. वाढील त्याच्या हातचं खाल्लं, कायस्थाच्या हुक्क्याला तोंड लावलं, बायकोला नवऱ्याबरोबर दीक्षा दिली, न मानणाऱ्याचंही हसून ऐकलं. शिकागोहून जे लिहिलं ते नवीन काही नव्हतं, आणि ज्याला लिहिलं त्यानं ते स्वतःच्या घरात बघितलेलं होतं. म्हणून ते पत्र त्यालाच.

सोमवार : रेल्वेनं लोंढ्यापर्यंत

२६ ऑक्टोबरला स्वामी निघतो म्हणाले. मित्रांनी राहा म्हणून आग्रह केला, तर संन्याशानं शहरात तीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये, राहिलं की माया लागते, असं उत्तर. शिकागोला सर्वधर्म परिषदेला जायचा विचार त्यांनी मित्रांना इथंच बोलून दाखवला होता. मित्र उत्साहानं लगेच गावात वर्गणी गोळा करायला निघाले, पण स्वामी नको म्हणाले, आधी रामेश्वरला जायचा संकल्प होता. दुसऱ्या दिवशी, २७ ला, मित्रांनी मुरगावचं तिकीट काढून दिलं, गाडीत बसवलं आणि स्टेशनवर साष्टांग नमस्कार घातला. त्यांनी लिहिलंय की आयुष्यात मनापासनं कुणालाच नमस्कार केला नव्हता, तो आज केला. आठ-नऊ दिवसांपूर्वी साधू म्हणजे लबाड म्हणणारा माणूस तो.

बेळगाव स्टेशन आता नवीन झालंय, प्लॅटफॉर्म चकाचक, सरकते जिने. तिथं उभं राहून १८९२ शोधण्यात अर्थ नाही. पण लाईन तीच. तेव्हा मीटरगेज होती, मुरगाव बंदराकडनं येणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे १८८८ मध्ये कॅसलरॉकपर्यंत जोडली गेलेली, म्हणजे स्वामींची गाडी ह्या घाटात अगदी नव्या रुळांवरनं गेली असणार. आम्ही लोंढ्यापर्यंतच तिकीट काढलं. देसूर, इदलहोंड, खानापूर. खानापुरात मलप्रभा लागते, पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळं दोन्ही काठाला भरून होती. तिथनं पुढं गुंजीपर्यंत झाडी दाट होत जाते आणि हवा बदलते, अंगावर शाल घ्यावी लागली. डब्यात खानापूरला चढलेल्या एका काकू जांबोटीकडच्या होत्या, त्यांनी डब्यातली भाकरी आणि सुकट आमच्यापुढं सरकवली. आप्पा माळकरी आहेत, पण काकूंना बरं वाटावं म्हणून भाकरी आणि लसणाची चटणी घेतली, मी आणि लेकीनं सगळंच खाल्लं.

लोंढ्याला लाईन फुटते, एक हुबळीकडं आणि एक तिनईघाट-कॅसलरॉकवरनं दूधसागर उतरून गोव्यात. स्वामी त्या दुसऱ्या वाटेनं मडगावला पोचले. बेळगावचे डॉ. शिरगावकर ह्यांनी तिकडच्या सुब्राय नायकांकडं त्यांची सोय लावून दिली होती. तिथं त्यांनी राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात जाऊन ख्रिस्ती धर्मशास्त्राची जुनी पुस्तकं वाचली, पाद्री लोकांशी चर्चा केली. दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलायच्या आधी त्याच्या घरी जाऊन त्याची पुस्तकं वाचायची. मग डिसेंबरच्या शेवटी कन्याकुमारी, आणि ११ सप्टेंबर १८९३ ला शिकागो.

लोंढ्याच्या प्लॅटफॉर्मवर चहा घेतला, भजी गरम होती, परतीच्या गाडीला दीड तास होता. लेकीनं मडगावच्या गाडीचं टाईमटेबल बोर्डवरनं वहीत उतरून घेतलं. तिची वार्षिक परीक्षा संपली की मे महिन्यात राशोल, आणि मावशीची सून पण येणार म्हणते, परीक्षेच्या तारखा मध्ये आल्या नाहीत तर.